आधी संकर्षण, मग वासुदेव

गेल्या उन्हाळ्यात माझ्या कोडच्या एका ओळीपायी आत्या माझ्याशी दोन दिवस बोलत नव्हती. झालं असं, की आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेकडे तिचं गाव. डिंभे धरण हाकेच्या अंतरावर, पण उन्हाळ्यात घरात पाणी साठवायला धड भांडं नाही. (ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडलं ते मूळ गावच या धरणाच्या पाण्याखाली गेलंय. तालुक्याचा कारभार चालतो घोडेगावातून.) आम्ही काही मित्रांनी वर्गणी काढून चाळीस टाक्या घेतल्या. नियम साधा: ज्याचं नाव आधी, त्याची टाकी आधी. शाळेतल्या गुरुजींनी वही ठेवली. वहीत त्रेसष्ट नावं झाली. काहींनी खात्री म्हणून दोनदा लिहिलेली.

मी म्हटलं, एवढंच ना? नावं टाइप केली, दुबार नावं काढायला जावातल्या हॅशसेटमध्ये ओतली, प्रिंट काढली आणि पहिल्या चाळिसांवर लाल पेनाने खूण केली. त्या यादीत आत्या एक्कावन्नावी!

"माझा तिसरा नंबर व्हता. गुरुजींच्या वहीत बघ की," एवढंच ती म्हणाली. मग दोन दिवस काहीच नाही.

बारा वर्षं हेच काम करतोय मी. लाज वाटली. हॅशसेटला क्रम नसतो हे इंटरव्ह्यूमध्ये मीच पोरांना विचारतो!

जे या धंद्यात नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. टपाल कार्यालयात पत्रं गावागावांच्या कप्प्यांत टाकतात ना, तसंच. नावावर एक गणित करायचं, येईल त्या आकड्याच्या कप्प्यात नाव ठेवायचं. पुन्हा तेच नाव आलं की तोच कप्पा निघतो, त्यामुळे 'हे आधीच आहे' हे एका झटक्यात कळतं. आयबीएममधल्या हान्स पीटर लूनने १९५३ साली कप्प्यांची ही कल्पना एका अंतर्गत टिपणात मांडली. फार हुशार कल्पना. पण बाहेर काढताना नावं येतात ती कप्प्यांच्या क्रमाने. कोण आधी आलं, कोण नंतर, याची नोंद कुठेच नसते.

त्यावर उपायही जुनाच आहे. २००२ साली जावा १.४ मध्ये लिंक्डहॅशसेट आला. कप्पे तेच, पण प्रत्येक नावाला आपल्या आधी कोण आणि नंतर कोण हेही ठाऊक. वारकऱ्यांच्या दिंडीसारखं, पुढच्याची आणि मागच्याची ओळख असली की झालं. खर्च किती, तर दर नावामागे दोन जास्तीचे दुवे. तेच नाव पुन्हा आलं तर पहिली जागा कायम राहते. नाव काढून पुन्हा घातलं तर मात्र शेवटी जायचं. गंमत म्हणजे वहीत एका गड्याने नाव खोडून आठवड्याने परत लिहिलं होतं, आणि पारावर जो निवाडा झाला तो अगदी हाच: "आता मागं बस." पायथॉनचा सेट आजही क्रम ठेवत नाही. तिथल्या डिक्शनरीला मात्र ३.७ पासून, म्हणजे २०१८ पासून, तशी हमी मिळाली. जावास्क्रिप्टचा सेट २०१५ साली भाषेत आला तो क्रम सांभाळतच. असो.

घरात अबोला, म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी काढली आणि जुन्नरमार्गे नाणेघाट गाठला. सह्याद्रीच्या कड्यावर, कोकणातून वर येणाऱ्या प्राचीन व्यापारी वाटेच्या तोंडाशी. तिथला दगडी रांजण सगळ्यांनी फोटोत पाहिलेला असतो. व्यापारी यात जकातीची नाणी टाकायचे असं म्हणतात. खरं-खोटं बाजूला ठेवू, पण रांजणात पडलेलं कुठलं नाणं आधीचं आणि कुठलं नंतरचं हे कुणाच्या बापाला सांगता यायचं नाही. रांजणापाशी उभा राहून मला माझी प्रिंट आठवली.

जवळच्याच लेण्यात मात्र गोष्ट वेगळी. भिंतीवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत, सातवाहनांची राणी नागनिका हिच्या काळातला मोठा लेख आहे. साधारण इसवी सनापूर्वीचं पहिलं शतक, थोडं मागेपुढे धरा. एकोणिसाव्या शतकात भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांनी तो वाचून जगापुढे आणला. यज्ञ कोणते केले आणि दक्षिणा काय दिली याची ती जंत्री आहे. गायी, घोडे, हत्ती, २४,४०० कार्षापण अशा आकड्यांसकट. अश्वमेध दुसऱ्यांदा केला हेही लिहिलंय. माझ्या हॅशसेटने दुसरा अश्वमेध गुपचूप गिळला असता.

पण मी अडकलो तो सुरुवातीलाच, देवांच्या नमनात. धर्माला नमन, इंद्राला नमन, मग संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य, आणि शेवटी चार लोकपाल: यम, वरुण, कुबेर, वासव.

आता बघा. संकर्षण म्हणजे बलराम, वासुदेव म्हणजे कृष्ण. आपण आज बोलतो ते 'कृष्ण-बलराम'. इथे थोरला आधी. राजस्थानातल्या घोसुंडीच्या लेखातही हीच जोडी, हाच क्रम. म्हणजे त्या काळी वृष्णी कुळातले हे दोघे वीर पुजले जात होते ते घरातल्या वडीलकीच्या मानाने, आणि धाकटा पुढे निघून गेला तो नंतर. लेखात हे कुठे सांगितलंय? कुठेच नाही. नुसत्या आधी-नंतर मधून ते कळतं. हीच नावं कुणी अकारविल्हे लावून कोरली असती तर आपल्याला काय कळलं असतं, कप्पाळ!

आणि दुसरी गोष्ट. इंद्र आणि वासव. वासव हे इंद्राचंच नाव! म्हणजे दहा नावं, पण देव नऊ. दुबार नोंद आहे की नाही? अक्षरं जुळवून बघणारा सेट दोन्ही ठेवील, कारण नावं वेगळी. पण कोरणाऱ्याला बहुधा दोन्ही हवेच असणार. एकदा स्वतंत्र देव म्हणून, एकदा चार दिशांच्या राखणदारांतला एक म्हणून. माणूस तोच, पद निराळं. 'सारखं' कशाला म्हणायचं हे कॉम्प्युटर ठरवत नाही, आपण ठरवून त्याला सांगावं लागतं.

मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्याचे पुतळे होते. आता राहिलीत ती वरची नावं. सिमुक सातवाहन, मग देवी नायनिका (हीच नागनिका) आणि राजा सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रनकयिर, कुमार हकुसिरि, कुमार सातवाहन. पुराणांतली वंशावळ सांगते सिमुक, त्याचा भाऊ कृष्ण, मग कृष्णाचा मुलगा सातकर्णी. पण इथे कृष्ण नाही! तो होऊन गेला हे नक्की, नाशिकच्या पांडवलेण्यांत १९ क्रमांकाच्या लेण्यात कण्ह राजाचं नाव कोरलेलं आहे. मग नाणेघाटात त्याला का वगळला? काही अभ्यासक म्हणतात, सातकर्णी सिमुकाचाच मुलगा, चुलत्याला घरच्या दालनात जागा नव्हती. इतका मोठा वाद उभा आहे तो सहा-सात नावांच्या ओळीवर. पण ही ओळ राज्यारोहणाची, मानाची की नात्याची? महारठी हा बहुधा नागनिकेचा बाप, आणि तो उभा आहे नातवंडांच्या वयाच्या कुमारांमध्ये. तेव्हा निव्वळ काळाचा क्रम म्हणून ती वाचता येणार नाही, असं माझं आपलं मत.

संध्याकाळी परत आलो. लॅपटॉप उघडून एकच शब्द बदलला, वहीच्या क्रमाने पुन्हा नावं घातली. आत्या तिसरी आली. पण आता बाराव्या नंबरावर 'बाळू' आणि तेविसाव्या नंबरावर 'बाळासाहेब', माणूस एकच, आणि दोघांनाही टाकी मिळतेय. इंद्र आणि वासव आमच्या गावात!

मी म्हटलं, रेशनकार्डाचा नंबर धरू, एका कार्डाला एक टाकी. बाळू सुटला. पण दोन सख्खे भाऊ एकाच कार्डावर निघाले, स्वयंपाक मात्र चार वर्षांपासून वेगळा. गुरुजींकडे पाहिलं. त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, "चूल वेगळी तर टाकी वेगळी."

मग आम्ही त्रेसष्ट नावांसमोर हाताने चुली लिहिल्या. रात्रीचे अकरा वाजले. चहा आत्याने आणला, आणि पहिला कप गुरुजींना दिला.