तारेचा खांब आणि विजेचा टॉवर

‘तार आली’ हे दोन शब्द ऐकून ज्यांच्या पोटात गोळा उठत असे, अशी माणसे आता थोडी उरली. खेड्यात तार यायची ती बहुधा कुणीतरी गेल्याचीच. तेव्हा तारवाला दिसला की पाकीट फोडण्याआधीच घरात रडारड सुरू व्हायची. 15 जुलै 2013 पासून ही सेवा देशभर बंद झाली. आजच्या कॉलेजातल्या मुलांना तार म्हटले की कुंपणाची तार आठवते, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. पण गंमत पाहा, तार गेली तरी तिचा कायदा गेला नाही. तो कुठे जिवंत आहे म्हणाल, तर पोस्टात नव्हे, टेलिफोनच्या कचेरीत नव्हे. आपल्या मोहाडी-तुमसरकडच्या धानाच्या बांध्यांत, विजेच्या टॉवरच्या चार पायांखाली. हे कसे घडले, ते आज आपणास सांगावयाचे आहे.

सुरुवात कलकत्त्यापासून करावी लागेल. लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत 1854 साली कलकत्ता ते आग्रा अशी तार उभी राहिली आणि त्याच वर्षी तारेविषयीचा पहिला कायदाही झाला. तार घालण्याचा आणि चालविण्याचा हक्क एकट्या सरकारचा, असे त्यात सांगितले होते. आता इंग्लंडात काय होते? तिथे तारेचा धंदा खाजगी कंपन्या करीत होत्या. सरकारने तो आपल्या हाती घेतला 1870 साली. अमेरिकेत तर तो कंपन्यांकडेच राहिला. म्हणजे स्वतःच्या देशात व्यापाऱ्यांवर सोपविलेली गोष्ट इंग्रजांनी हिंदुस्थानात पहिल्या दिवसापासून मुठीत ठेवली. कारण उघड आहे. परक्या मुलखावर राज्य करावयाचे तर बातमी आपल्या हातात हवी. 1857 ने ते त्यांना चांगलेच पटवून दिले.

आपल्या जिल्ह्यात आगगाडी आली ती 1880 साली. नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा मीटरगेज रूळ एप्रिलमध्ये तुमसर रोडपर्यंत पोचला आणि वर्ष संपता संपता राजनांदगावास भिडला. रेल्वे म्हटली की रुळाच्या कडेने तारेचे खांब आलेच. तारेवाचून गाड्यांचा मेळ बसत नाही. त्यानंतर पाचच वर्षांनी, 1885 साली, ‘भारतीय तार अधिनियम’ झाला. त्या वर्षाचा तो तेरावा कायदा. पुढे सव्वाशेहून अधिक वर्षे या देशातील तार, टेलिफोन, बिनतारी संदेश, एवढेच काय, मोबाइलसुद्धा याच कायद्याच्या छपराखाली नांदले. रेडिओही त्यातून सुटला नाही बरं का! घरात रेडिओ ठेवायचा तर पोस्टात पैसे भरून लायसन्स घ्यावे लागत असे, आणि ही रीत 1980 च्या दशकापर्यंत चालू होती. वाचकांपैकी कित्येकांच्या घरी ते लायसन्सचे पुस्तक कुठल्यातरी पेटीत अजून सापडेल.

या कायद्यातले चौथे कलम प्रसिद्ध आहे, कारण त्यात सरकारचा एकाधिकार सांगितला आहे. पाचवे त्याहून प्रसिद्ध, कारण लोकांचे संदेश अडविण्याचा आणि वाचण्याचा अधिकार त्यात आहे. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला थोडा लगाम घातला. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते दहावे कलम. त्याची चर्चा वर्तमानपत्रांत फारशी होत नाही.

दहावे कलम काय म्हणते? तारखात्याला कोणाच्याही जमिनीवरून, जमिनीखालून तार नेता येईल आणि जमिनीत खांब रोवता येईल. जमीन मात्र सरकारजमा होणार नाही. खात्याला फक्त वापराचा हक्क मिळेल. काम करताना नुकसान होता होईल तो कमी करावे, आणि जे होईल त्याची पूर्ण भरपाई द्यावी. इथवर ठीक. पण त्याच कलमात आणखी एक अट आहे. जागा नगरपालिकेसारख्या स्थानिक संस्थेची असेल, तर त्या संस्थेची परवानगी घ्यावी लागेल. खाजगी मालकाच्या परवानगीचा उल्लेखच नाही! म्हणजे भंडाऱ्याच्या बाजारातल्या रस्त्यावर खांब रोवायचा तर नगरपालिकेला विचारायचे, आणि पवनीच्या शेतकऱ्याच्या बांधीत रोवायचा तर त्याला विचारण्याचे कारण नाही.

हे वाचून आज आपल्याला राग येईल. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने थोडे थांबावे. 1885 सालचा तारेचा खांब डोळ्यांपुढे आणा. लाकडाचा वा लोखंडाचा एक दांडा, त्यावर दोन-चार तारा. तो धुऱ्यावर रोवला तर किती जागा जाणार? हातभर. नांगर त्याला वळसा घालून जाई, रोवणी त्याच्या बुडाशी होई. नुकसान व्हायचे ते खांब आणताना तुडविलेल्या पिकाचे आणि तोडलेल्या फांद्यांचे. एवढ्यासाठी जमीन संपादन करीत बसणे म्हणजे मुंगीला मारायला हत्ती बोलाविण्यासारखे झाले असते. तेव्हा जमीन तुमचीच, खांब आमचा, पिकाचे पैसे घ्या, हा हिशेब त्या काळच्या खांबाला शोभणारा होता. माझे म्हणणे इतकेच की तो हिशेब खांबाचा होता.

आता विजेकडे वळू. तिच्या बाबतीत सरकारने अगदी उलटी वाट धरली. वीज हा कंपन्यांचा धंदा. सरकारने लायसन्स द्यावे, इन्स्पेक्टर नेमावा आणि अपघात होऊ नयेत एवढे पाहावे, असे धोरण होते. 1903 आणि 1910 चे कायदे याच विचाराचे आहेत. कलकत्त्यात, मुंबईत कंपन्यांनी दिवे लावले. टाटांनी खोपोलीला 1915 साली पाण्यावर वीज काढली. परंतु 1910 च्या कायद्याच्या 51 व्या कलमात हळूच एक दार उघडून ठेवले होते. वीज वाहून नेणाऱ्याला सरकार लेखी हुकमाने तारखात्याचे अधिकार देऊ शकेल, असे ते कलम. तारेसाठी शिवलेला अंगरखा विजेच्या अंगावर चढला तो इथे.

या दोन तारांचे धनी आपल्या भागात कसे बदलले तेही पाहण्यासारखे आहे. संदेशाच्या तारेचा धनी एकच: आधी कलकत्ता, मग दिल्ली. मुंबई, मद्रास, कलकत्त्याचे टेलिफोन कंपन्यांकडे होते, तेही 1943 साली सरकारने विकत घेतले. राज्यघटनेने टपाल, तार, टेलिफोन केंद्राच्या सूचीत घातले आणि वीज समवर्ती सूचीत. त्यामुळे विजेचा धनी नकाशाबरोबर बदलत गेला. भंडारा आधी मध्यप्रांतात, 1950 पासून मध्यप्रदेशात, 1 नोव्हेंबर 1956 ला द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1 मे 1960 पासून महाराष्ट्रात. प्रत्येक वेळी विजेचे वरिष्ठ कार्यालय नवे. 20 जून 1960 ला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, तेव्हा कुठे हा प्रवास थांबला.

वीज सरकारची की कंपनीची, हा प्रश्न स्वच्छपणे मांडणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूर खात्याचे सभासद होते आणि वीजही त्याच खात्याकडे होती. स्वस्त आणि मुबलक विजेवाचून कारखानदारी नाही आणि कारखानदारीवाचून दारिद्र्य हटणार नाही, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. भंडाऱ्याशी त्यांचा संबंध आपण वेगळ्याच कारणाने लक्षात ठेवतो: 1954 च्या लोकसभा पोटनिवडणुकीत ते इथून उभे होते आणि पडले. वीज पुरवठ्याचा कायदा 1948 साली झाला, तेव्हा ते खाते काकासाहेब गाडगीळांकडे होते. त्या कायद्याने राज्याराज्यांत वीज मंडळांची वाट मोकळी केली, आणि तारखात्याचे अधिकार मंडळांच्याही हाती आले. मंडळ सरकारचे, वीज गावोगाव न्यायची आहे, पंपाला द्यायची आहे. तेव्हा बांधीत खांब आला तरी शेतकरी म्हणे, येऊ द्या, लाईन तर येईल.

पुढची पन्नास वर्षे भरभर ओलांडू. 1997 साली दूरसंचारासाठी ‘ट्राय’ हे नियामक प्राधिकरण आले, 1999 साली महाराष्ट्रात वीज नियामक आयोग आला, 2000 साली टेलिफोन खात्याचे बीएसएनएल झाले, 2003 चा वीज कायदा आला आणि त्याला धरून 2005 साली आपले विद्युत मंडळ चार कंपन्यांत वाटले गेले. सरकार मालक न राहता देखरेख करणारे झाले. आयोगापुढे दरासाठी जाहीर सुनावणी होते, कोणीही ग्राहक तिथे बोलू शकतो. ही मोठी सुधारणा आहे, आणि ती मी कमी लेखत नाही. पण टॉवर कुणाच्या बांधीत उभा राहावयाचा, हा प्रश्न दराच्या सुनावणीत येत नाही. तो सुटतो 2003 च्या कायद्याच्या 164 व्या कलमाने, आणि ते कलम पुन्हा बोट दाखविते 1885 कडेच. फरक एवढाच की आता हे अधिकार खाजगी कंपनीलाही देता येतात. जो हक्क राज्यकर्त्याने राज्यकर्ता म्हणून स्वतःकडे ठेवला होता, तो आता नफ्यासाठी चालणाऱ्या धंद्यालाही मिळू शकतो.

आणि खांब? तो खांब राहिला नाही. तिरोडा 1 मे 1999 पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते, पुढे गोंदिया जिल्ह्यात गेले. तिथे 3,300 मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प उभा आहे. तिथून कोराडीकडे 765 केव्हीची लाइन जाते, आणि मध्ये भंडारा जिल्हा पडतोच. अशा लाइनीचा टॉवर चार पायांचा. त्या चार पायांमधली जागा नावाला मालकाची. तिथे ट्रॅक्टर फिरत नाही, चिखलणी होत नाही. बांधीचे पाणी एका पातळीत राहावे लागते, तिथे पाया खणला की पाण्याचा सगळा तोल बिघडतो. शिवाय तारांखालचा पट्टा: 400 केव्हीला सुमारे 46 मीटर, 765 ला 67 मीटरच्या घरात. त्या पट्ट्यात घर बांधता येत नाही, उंच झाड लावता येत नाही. सातबारा कोरा, जमीन तुमचीच. पण गिऱ्हाईक पाहायला आले की आधी वर बघते.

न्यायालयांपुढे हा प्रश्न गेला नाही असे नाही. 2007 साली केरळच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की भरपाई ठरविताना केवळ तुटलेली झाडे मोजून भागणार नाही. जमीन कुठे आहे, तारा कशा जातात, जमिनीचे मोल किती घटले, हे पाहावे लागेल. उलट 2016 साली त्याच न्यायालयाने निर्णय दिला की तारेच्या कायद्याचे अधिकार मिळालेल्या संस्थेला मालकाची संमती घेण्याची गरज नाही. पैशाच्या बाबतीत सरकारही हलले. केंद्राने 2015 साली मार्गदर्शक सूचना काढल्या: टॉवरच्या जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या 85 टक्के, तारांखालच्या पट्ट्यासाठी फार तर 15 टक्के. जून 2024 मध्ये हे आकडे 200 आणि 30 झाले. महाराष्ट्र शासनाने आपले वेगळे निर्णयही काढले. पण मार्गदर्शक सूचना ही शेवटी सूचनाच. कायद्याच्या पुस्तकात शब्द आहे तो 1885 चाच, ‘नुकसान’. आणि तो शब्द लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लाकडी दांडा होता.

तेव्हा वाचकहो, आपल्या धुऱ्यावर मोजणीच्या खुंट्या दिसल्या तर एक गोष्ट आधी विचारा: 164 व्या कलमाखालचा हुकूम आहे काय? असेल तर संमतीचा प्रश्न संपला. नसेल तर 2006 च्या नियमांप्रमाणे मालकाची संमती लागते, आणि मालकाने हरकत घेतली तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. पिकाचा पंचनामा उभ्या पिकात करून घ्यावा; कापणीनंतर बांधीत काय होते हे कोण सांगणार? भरपाई कमी वाटली तर 16 व्या कलमाने जिल्हा न्यायाधीशांकडे दाद मागता येते, आणि ते आपल्या भंडाऱ्यातच बसतात, मुंबईस जावे लागत नाही. 17 वे कलम तर वकिलांनाही सहसा आठवत नाही. पुढे कधी त्या जागेचा रास्त दुसरा उपयोग करावयाचा झाला, तर लाइन सरकवा किंवा उंच करा अशी मागणी मालक करू शकतो. त्यासाठी आधी मिळालेल्या भरपाईची निम्मी रक्कम किंवा हलविण्याचा खर्च, यांतले जे कमी असेल ते त्याने भरावयाचे. एका दांड्याच्या बाबतीत हे सोपे होते.

2023 साली संसदेने नवा दूरसंचार कायदा केला. त्यातील काही कलमे जून 2024 पासून लागू झाली. जुन्या तार कायद्याला निरोप देण्यासाठीच हा कायदा आला. टेलिफोनच्या तारा आणि मोबाइलचे मनोरे यांच्यासाठी त्यात जागेच्या वापराचे नवे नियम आहेत, आणि खाजगी मालकाशी बोलणी करण्याची भाषाही आहे. पण जुना कायदा रद्द करणाऱ्या कलमातच एक अपवाद लिहून ठेवला आहे: 164 व्या कलमाखालच्या वीजवाहिन्यांसाठी 1885 च्या कायद्याचा तिसरा भाग पुढेही लागू राहील. दहावे, सोळावे, सतरावे, ही सगळी कलमे त्याच भागातली.