रक्ताचा कर्करोग : डॉ. सुरेश अडवाणी यांचे शोधनिबंध आपल्याला काय सांगतात?

सातारा-सांगली भागात एखाद्या घरातल्या लेकराला रक्ताचा कर्करोग निघाला की दोन प्रश्न लगेच उभे राहतात. मुंबईला कधी न्यायचं, आणि पैसा कुठून आणायचा? तिसरा प्रश्न फार थोडे विचारतात: जो उपचार सुरू होणार, तो आपल्या देशातल्या मुलांवर तपासलेला आहे का? त्याचं उत्तर डॉक्टरांच्या शोधनिबंधांत असतं. म्हणून या क्षेत्रातल्या एका मोठ्या नावाच्या कामाची ही नोंद आम्ही देत आहोत.

डॉ. सुरेश अडवाणी यांचा जन्म १९४७ मधला, कराचीतला. फाळणीनंतर कुटुंब मुंबईत आलं. वयाच्या आठव्या वर्षी पोलिओ झाला आणि पुढचं आयुष्य व्हीलचेअरवर गेलं. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिक्षण झालं. बोन मॅरो प्रत्यारोपणाचं काम त्यांनी अमेरिकेत सिएटलला शिकून घेतलं आणि १९८३ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालयात भारतातलं पहिलं बोन मॅरो प्रत्यारोपण केलं. २००२ मध्ये पद्मश्री, २०१२ मध्ये पद्मभूषण मिळाला.

त्यांच्या लेखनात आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा विषय म्हणजे अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा रक्ताचा कर्करोग. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतले डॉ. इयान मॅग्राथ यांच्या सहकार्याने ‘एमसीपी ८४१’ नावाची उपचारपद्धती आखली गेली. मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या मोठ्या रुग्णालयांत तीच औषधं, त्याच क्रमाने दिली गेली, म्हणून निकालांची तुलना करता आली. अडवाणी आणि सहकाऱ्यांचा याविषयीचा निबंध १९९९ मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ ऑन्कॉलॉजी’त आला. मॅग्राथ आणि भारतीय डॉक्टरांनी १४ वर्षांचा अनुभव २००५ मध्ये ‘युरोपियन जर्नल ऑफ कॅन्सर’मध्ये मांडला. त्यात हजारावर रुग्णांचा हिशेब आहे. किती वाचले ते आहे, आणि किती गेले तेही आहे. अपयशाची मोजदाद ही चांगल्या निबंधाची ओळख.

असं काम एकट्याचं नसतं. १९४८ मध्ये बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी १६ मुलांवर अमिनोप्टेरिन वापरून पाहिलं आणि १० मुलांना काही काळ आराम पडल्याचं प्रसिद्ध केलं. या औषधामागे आंध्रचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेचं काम होतं. त्याच कुळातलं मेथोट्रेक्सेट आजही मुलांना दिलं जातं. अलीकडे आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून ‘नेक्सकार१९’ ही पेशी-उपचारपद्धती आली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मान्यता मिळाली आणि २०२५ मध्ये ‘लॅन्सेट हेमॅटॉलॉजी’त तिचे निकाल छापून आले. आजार उलटलेल्या किंवा औषधाला दाद न देणाऱ्या काही रुग्णांसाठी ती आहे. सगळ्यांसाठी नाही.

हे निबंध शोधायचे तर ‘पबमेड’वर शोध फुकट आहे. तिथल्या शोधाच्या यादीत आडनाव आणि आद्याक्षरं एवढंच दिसतं. ‘शेख एस’ टाकलं की ढीगभर माणसं निघतात, म्हणून संस्थेचं नाव आणि वर्ष जुळवून बघा. नंतर तीन गोष्टी पाहा: प्रयोग उंदरांवर की माणसांवर, रुग्ण किती, आणि किती वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या चूर्णाच्या जाहिरातीला हेच तीन प्रश्न विचारून बघा, उत्तर मिळणार नाही.

घरच्यांसाठी यातला मुद्दा एकच. या आजाराचा उपचार साधारण दोन ते तीन वर्षं चालतो. काही आठवड्यांतच मूल खेळायला लागतं, रक्ताचा रिपोर्ट चांगला येतो, आणि अब्बांना वाटतं की आता कशाला मुंबईच्या खेपा आणि खाडे? पण शरीरात दडलेल्या पेशी संपवण्यासाठीच पुढचा काळ असतो. औषध मध्येच सोडलं तर आजार उलटण्याचा धोका वाढतो. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे करा. नेहमीच्या रक्त तपासण्या मिरज, कराड किंवा साताऱ्यात होतील का, हे मुंबईच्या डॉक्टरांनाच विचारून ठरवा. दुआ चालूच राहू द्या, आणि दवा अर्ध्यावर सोडू नका.