चापाच्या भाराची कुळकथा

रायफलीचा चाप किती जोराला सुटावा, हा प्रश्न वरवर कारागिराचा वाटतो. पण त्यावर नेम आणि जीव दोन्ही अवलंबून असतात. नेमबाज या जोराला ‘ट्रिगर वेट’ म्हणतात. तो मोजायची रीत साधी आहे. रिकामी रायफल नळी वर करून उभी धरायची, चापाला वजन अडकवायचे आणि वजन वाढवत जायचे. ज्या वजनाला खटका सुटतो, तो चापाचा भार. शिकारीच्या रायफलीसाठी हा भार साधारण एक ते पावणेदोन किलो ठेवण्याची आज अमेरिकेत रूढी आहे. हा आकडा ठरायला फार मोठा काळ जावा लागला, कारण चापाचा जन्म बंदुकीच्याही आधीचा आहे.

चीनमध्ये इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या सुमारास क्रॉसबोला काशाचा ओतीव खटका बसू लागला होता. शीआनजवळ सम्राट छिन श्र ह्वांगच्या मातीच्या सैन्याबरोबर असे खटके सापडले आहेत. ताणलेल्या दोरीचा प्रचंड जोर एका आकड्यावर तोलायचा आणि तो आकडा बोटाने सोडवायचा, हे काम एकात एक अडकलेल्या तरफा करत. पुढची सगळी कथा याच पेचाची आहे. आकडा घट्ट बसला तर सोडताना हत्यार हलते; सैल बसला तर नको तेव्हा सुटतो.

बंदुकीला सुरुवातीला हा पेच नव्हता. पंधराव्या शतकात युरोपात नागमोडी दांडी आली. तिच्या टोकाला जळता तोडा अडकवलेला असे. खालचे टोक दाबले की तोडा रंजकेवर उतरे आणि हात सैल केला की परत वर जाई. हिंदुस्थानात पुढे शेकडो वर्षे चाललेल्या तोड्याच्या बंदुकीही याच धाटणीच्या होत्या. त्यांचा चाप लांब आणि संथ, पण त्यात एक मोठी सोय होती: दाबता दाबता विचार बदलता येत असे.

ही सोय गेली ती स्प्रिंगमुळे. झटक्याने तोडा पडणाऱ्या बंदुकीत दांडी आधी ताणून खटक्यात अडकवायची आणि चाप तो खटका फक्त सोडवायचा. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला तेव्हा तिथे बंदुका घडवणारे कुशल कारागीर होतेच. गोवा घेणाऱ्या पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कने आपल्या राजाला लिहिलेल्या पत्रात त्यांच्या कामाची तुलना बोहेमियाच्या कारागिरांशी केली आहे. गोव्याच्या कारखान्यात देशी आणि युरोपी कसब एकत्र आले. १५४३ मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचलेल्या बंदुका याच झटक्याच्या जातीच्या होत्या आणि त्यांचे मूळ अनेक अभ्यासक गोवा-मलाक्का या वाटेवर शोधतात. चापाचा भार हा खरा प्रश्न अशा बंदुकीपासून सुरू होतो. साठवलेला जोर एकदा सुटला की त्याला परतीची वाट नसते.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये गारगोटीच्या बंदुकीची परिपक्व रचना तयार झाली. तिचे श्रेय सहसा लिझिए गावच्या मारँ ल बुर्ज्वाला दिले जाते. या रचनेत घोड्याबरोबर, म्हणजे गारगोटी धरणाऱ्या दांडीबरोबर, फिरणाऱ्या तुकड्याला दोन खाचा होत्या. पहिली खोल, तिच्यात खटका रुतला की चाप ओढूनही घोडा पडत नसे. दुसरी उथळ, तिच्यातून चाप ओढताच खटका निसटे. बंदूक वागवताना खोल खाच, बार काढताना उथळ, अशी कामाची वाटणी झाली. चापाच्या इतिहासातला सगळ्यांत टिकाऊ विचार हाच आहे: हलकेपणा हवा असेल तर त्याच्या आधी सुरक्षिततेची एक पायरी घालावी.

जर्मन भाषिक मुलखातल्या शिकाऱ्यांनी हाच विचार त्याआधीच टोकाला नेला होता. तिथे सोळाव्या शतकातच क्रॉसबोला आणि रायफलीला ‘श्टेखर’ नावाची जोडचापाची रचना मिळाली होती. मागचा चाप ओढला की एक छोटी स्प्रिंग ताणून बसते. मग पुढच्या चापाला बोट नुसते टेकले तरी ती सुटते आणि मुख्य खटक्याला ठोसा देते. खटका भक्कम राहतो, कारण त्याला ढकलण्याचे काम बोट करत नाही, स्प्रिंग करते. मध्य युरोपातून अमेरिकेत गेलेल्या कारागिरांबरोबर ही युक्ती पेनसिल्व्हेनियाच्या लांब रायफलीत उतरली. पुढे एकोणिसाव्या शतकात सेंट लुइसच्या हॉकेन बंधूंनी पश्चिमेच्या मैदानांसाठी रायफली घडवल्या, त्यांतही ती आली. अचल उभ्या हरणावर सावकाश नेम धरणाऱ्याला ही रचना वरदान आहे. पण श्टेखर लावल्यावर जनावर पळून गेले तर तो काळजीपूर्वक उतरवावा लागतो, आणि गारठलेल्या बोटांना ते अवघड जाते.

सैन्याला इतकी नाजूक गोष्ट परवडत नव्हती. १८९८ च्या माउझर रायफलीत चापाला दोन उंचवटे होते. पहिल्यावर खटका बराचसा खाली येई आणि बोटाला एक अडथळा जाणवे. दुसऱ्यावर उरलेली केसभर पकड सुटे. रायफल आदळली, चिखलात पडली तरी खटक्याची पकड खोलच राही. या माउझर रचनेवर असंख्य शिकारी रायफली बनल्या. जिम कॉर्बेटची .२७५ रिग्बी त्यांपैकीच.

विसाव्या शतकात अमेरिकी शिकाऱ्यांनी दोन टप्प्यांऐवजी काच तडकावी तसा एका क्षणी सुटणारा चाप मागितला. १९३६ मध्ये आलेल्या विंचेस्टर मॉडेल ७० चा साधा, भार कमीजास्त करता येणारा चाप याच मागणीला उत्तर होता. १९४८ पासून रेमिंग्टनने माइक वॉकर यांच्या रचनेचा चाप बसवायला सुरुवात केली, आणि १९६२ च्या मॉडेल ७०० मुळे तो लाखो घरांत पोचला. तो सुटायला अतिशय स्वच्छ होता. पण चाप न ओढता गोळी सुटल्याच्या तक्रारी अनेक वर्षे येत राहिल्या, माणसे दगावली, खटले झाले. चाप आणि खटका यांच्यामधला सुटा तुकडा घाणीमुळे जागेवर परतत नाही, असे टीकाकारांचे म्हणणे होते. कंपनीने दोष मान्य केला नाही. अखेर २०१८ मध्ये लागू झालेल्या तडजोडीनुसार लाखो रायफलींचे चाप बदलून देण्याची तयारी तिला दाखवावी लागली.

अशा खटल्यांच्या धास्तीने अमेरिकी कारखान्यांनी चाप जड करून ठेवले. अडीच-तीन किलोचा चाप नवलाचा राहिला नाही. रायफलच जेमतेम साडेतीन किलोची. जवळपास तिच्या वजनाइतका जोर एका बोटाने लावला की नळी नेमावरून ढळणारच. गोळी पोटात किंवा पायात बसलेले जनावर तासन्‌तास तडफडते, म्हणून जड चापाला सुरक्षित म्हणणे हे अर्धसत्य आहे. २००२ मध्ये सॅव्हेज कंपनीने चापाच्या मध्यभागी एक पाते बसवले. ते बोटाने दाबले गेले नसेल तर निसटलेला खटकाही अडवला जातो. त्यामुळे ७०० ग्रॅमच्या आसपासचा चाप कारखान्यातूनच देता आला आणि इतर कंपन्यांनीही ती वाट धरली. गारगोटीच्या बंदुकीतली खोल खाच नव्या रूपात परत आली होती.

खेळाच्या मैदानावर हिशेब वेगळा असतो. भारतीय नेमबाज राही सरनोबत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात जिंकली, तिथे चापाचा भार किमान १,००० ग्रॅम असावा लागतो. १० मीटर एअर रायफलला किमान मर्यादाच नाही. तिथे हवामान आणि अंतर ठरलेले असते. रानात बर्फ असतो, हातमोजे असतात, चढणीने फुललेला श्वास आणि समोरच्या जनावराने वाढवलेली छातीची धडधड असते. अशा वेळी २०० ग्रॅमचा चाप बोटाला कळण्याआधी सुटतो. म्हणून मोकळ्या मुलखात लांबून नेम धरणाऱ्याला एक-सव्वा किलो, दाट रानात आणि कडाक्याच्या थंडीत दीड-पावणेदोन किलो, आणि धोकादायक जनावरासमोर त्याहून थोडा अधिक भार योग्य ठरतो. जड दुनळी रायफलीत तर फार हलका चाप पहिल्या बाराच्या धक्क्यानेच दुसरी नळी उडवू शकतो.

आकड्याइतकाच चापाचा स्वभावही महत्त्वाचा असतो. खरखरत सरकणाऱ्या एक किलोपेक्षा स्वच्छ सुटणारा दीड किलो बरा. भार कमी करायचा तर कसबी बंदूक-कारागिराकडून करावा, आणि नंतर रिकाम्या रायफलीचा बोल्ट जोरात लोटून व दस्ता जमिनीवर आपटून खटका टिकतो का, हे पाहावे. टिकला नाही, तर तो चाप कितीही गोड सुटो, रायफल रानात नेऊ नये.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आणली, आणि ती योग्यच आहे. जिथे शिकार कायदेशीर आहे, तिथे रायफल हाती घेणाऱ्याला एवढेच सांगणे: सर्वांत हलका चाप शोधू नका. जो थंडीत, घाईत आणि भीतीतही तुमच्या मनाआधी सुटणार नाही, तो निवडा.