भिंतीवर चढलेली कौले: वील्डमधील एका कारागिरीचा इतिहास

इंग्लंडच्या आग्नेय भागात केंट, ससेक्स आणि सरे या काउंट्यांमध्ये पसरलेला वील्ड हा प्रदेश खडूच्या टेकड्यांच्या दोन रांगांमध्ये वसलेला असून, जड चिकणमाती आणि ओकची राने ही त्याची जुनी ओळख आहे. घराला लागणारे लाकूड, कौलांची माती आणि भट्टीचे जळण ही तिन्ही तेथे जवळजवळ एकाच शिवारात मिळत, त्यामुळे मध्ययुगापासून तेथील सामान्य घर म्हणजे ओकचा सांगाडा आणि त्याच्या खणांमध्ये विणलेल्या काटक्यांवर माती लिंपून केलेला कूड, असेच असे. ओकचे लाकूड ओले असतानाच कापून उभे करण्याची पद्धत होती. ते पुढे वाळत जाई, आकसे, आणि कूड व खांब यांच्यामध्ये फट पडे. नैर्ऋत्येकडून येणारा तिरपा पाऊस या फटींतून आत शिरू लागला की खांबांचे बूड कुजू लागे. सतराव्या शतकाच्या अखेरीस या दुखण्यावर जो उपाय रूढ झाला, तो म्हणजे छपराचीच सपाट कौले भिंतीवर उभी टांगणे. कोकणात पावसाळ्यापूर्वी झडीच्या बाजूच्या भिंतीला झावळ्यांचे झाप बांधतात, त्यामागे हाच विचार असतो. मात्र झाप दरसाल नवे लागतात, तर वील्डमधील कौले एकदा चढली की पिढ्यान्‌पिढ्या उतरत नसत.

येथे ‘कौल’ म्हणजे मराठी वाचकाच्या परिचयाचे नळीचे किंवा मंगलोरी कौल नव्हे. मंगलोरी कौलाला खाचा असतात आणि ते शेजारच्या कौलात अडकते. इंग्लिश सपाट कौल ही भाजलेल्या मातीची केवळ आयताकृती फरशी असते, वरच्या कडेला खिळ्यांसाठी किंवा लाकडी खुंट्यांसाठी दोन भोके पाडलेली. तिच्यात अडकण्याची सोय नसल्यामुळे पाणी अडवण्याचा सगळा भार एका थरावर दुसरा थर किती चढतो, यावर पडतो. तिचे माप 1477 मध्ये, चौथ्या एडवर्डच्या कारकिर्दीत, कायद्यानेच ठरवले गेले: लांबी साडेदहा इंच, रुंदी सव्वासहा इंच आणि जाडी किमान पाच अष्टमांश इंच. माती 1 नोव्हेंबरपूर्वी खणून काढावी, 1 फेब्रुवारीपूर्वी तिची उलथापालथ करावी आणि 1 मार्चपूर्वी तिची कौले पाडू नयेत, असेही त्या कायद्यात होते, कारण हिवाळ्यातल्या दहिवराने फुटून मऊ झालेली माती भाजताना कमी तडकते हे अनुभवाने ठाऊक झाले होते. पंधराव्या शतकातले हे माप थोड्याफार फरकाने आजही चालते. इमारतीच्या साहित्याबाबत केलेले फार थोडे कायदे इतके टिकले असतील.

भिंतीवर कौले चढवण्याची रीत सांगायला सोपी आहे. ओकच्या फाडून काढलेल्या पातळ रिपा सांगाड्यावर आडव्या ठोकायच्या आणि त्यांवर खालून वर एकेक थर लावत जायचा. प्रत्येक थराने खालच्या थराचा वरचा भाग झाकायचा आणि सांधेमोड अशी राखायची की खालच्या दोन कौलांमधला सांधा वरच्या कौलाच्या मध्यावर यावा. पाणी उभ्या भिंतीवर छपरापेक्षा लवकर निथळत असल्यामुळे भिंतीला कमी पदर, म्हणजे दोन थर खालच्या कौलावरही चढणारा भाग, पुरतो. छपरावर पदर अडीच इंचांचा धरला तर साडेदहा इंची कौलाचा चार इंचच भाग उघडा राहतो, तर भिंतीवर दीड इंचाच्या पदराने साडेचार इंच उघडे राहतात आणि चौरस मीटरला सुमारे साठऐवजी त्रेपन्न कौले लागतात. सगळ्यांत खालच्या थरामागे पाचरीसारखी पट्टी देऊन तो किंचित पुढे कलता ठेवतात, म्हणजे पागोळीचे पाणी खालच्या विटांच्या भिंतीवर न ओघळता तिच्यापासून दूर पडते. वील्डमधल्या घरांचा वरचा मजला मुळातच पुढे काढलेला असे, त्यामुळे कौलेही बहुधा त्या मजल्यालाच लागली आणि खालच्या मजल्यात कुडाच्या जागी विटा आल्या.

शिकण्याची खरी कसोटी मात्र पहिला खिळा ठोकण्यापूर्वीच लागते. भिंतीत खिडक्या असतात, कोपरे असतात, छपराखालची त्रिकोणी भिंत असते, आणि प्रत्येक खिडकीच्या खाली व वर पूर्ण थर यावा, अर्धवट कापलेली चिंधी येऊ नये, अशी अपेक्षा असते. त्यासाठी एका लाकडी गजावर सगळ्या थरांच्या खुणा करून तो भिंतीला लावून पाहतात आणि थरांमधले अंतर केसाएवढे कमीजास्त करून, पण पदर दीड इंचाच्या खाली जाऊ न देता, खिडकीची कड आणि थराची रेघ यांचा मेळ बसवतात. आडव्या रेघांसाठी सूत आणि उभ्या सांध्यांसाठी ओळंबा ही साधने भारतीय गवंड्याला काही नवी नाहीत. एकाआड एक थराच्या शेवटी दीडपट रुंदीचे कौल घालावे लागते, कारण अर्धे कौल एकाच खिळ्यावर डगमगते; कोपऱ्यावर काटकोनात वळवलेली खास कौले वापरतात किंवा दोन्ही बाजूंची कौले तिरपी कापून मागे शिशाचा पत्रा देतात. हे सारे कागदावर वाचून येत नाही, असे जुन्या कारागिरांचे मत असे, आणि ते बऱ्याच अंशी बरोबरही होते.

सजावट आली ती कौलाच्या उघड्या राहणाऱ्या त्या साडेचार इंचांत. टोक अर्धगोल केले की भिंतीवर माशाच्या खवल्यांची नक्षी उमटते. टोक बाणाच्या फाळासारखे, माशाच्या शेपटीसारखे किंवा गदेसारखे केले की निराळी. अशा थरांचे पट्टे साध्या थरांच्या पट्ट्यांशी आलटूनपालटून लावण्याची सरेमध्ये विशेष आवड होती. गोडाल्मिंग आणि हॅझलमियरच्या आसपासच्या खेड्यांत अशा भिंती आजही पाहायला मिळतात. या नक्षीचा एक धोका मात्र पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. दोन अर्धगोल टोकांमध्ये जी मोकळी जागा राहते, तिच्यातून खालच्या थराचे कौल दिसते. सांधेमोड अचूक असेल तर तेथे त्या कौलाचा अखंड मध्यभाग येतो, पण ती सरकली असेल तर नेमका सांधाच उघडा पडतो. साधे कौल शिकाऊ कारागिराची चूक झाकते, नक्षीचे कौल ती उघडी करते. म्हणूनच नक्षीचे काम नवशिक्याच्या हाती सहसा देत नसावेत, असा तर्क करायला हरकत नाही.

हे ज्ञान पिढीकडून पिढीकडे कसे गेले, याचा कायदेशीर सांगाडा 1563 च्या कारागीरविषयक कायद्यात सापडतो. त्या कायद्याने किमान सात वर्षांची उमेदवारी बंधनकारक केली, आणि त्यात नोंदलेल्या धंद्यांत विटा पाडणारे, गवंडी आणि कौले पाडणारे यांच्याबरोबर कौले शाकारणारेही होते. उमेदवारीची ही सक्ती 1814 मध्ये रद्द झाली. त्यानंतर खेड्यांतले शिक्षण बापाकडून मुलाकडे किंवा मुकादमाकडून हाताखालच्या पोराकडे असे चालत राहिले आणि कोणी ते लिहून ठेवण्याची तसदी घेतली नाही, कारण गरिबाच्या गळक्या घराची डागडुजी एवढीच त्या कामाची प्रतिष्ठा होती.

श्रीमंतांना तर ही कौले दिसूच नयेत असे वाटे. अठराव्या शतकात विटांच्या दर्शनी भिंतीची चाल पडली, तेव्हा लाकडी घरांना ‘गणिती कौले’ लावली गेली. यांचा उघडा भाग विटेच्या तोंडासारखा घडवलेला असे आणि सांधे चुन्याने भरले की भिंत हुबेहूब विटांची वाटे. सरेतील वेस्टकॉट येथे 1724 चे काम सापडते, आणि ब्रायटनच्या रॉयल क्रेसेंटमधील काळी चकचकीत घरे अशाच कौलांची आहेत. विटांवरील कर चुकवण्यासाठी ही युक्ती निघाली, अशी समजूत फार पसरलेली आहे, पण ती टिकत नाही: विटांवर कर बसला 1784 मध्ये, म्हणजे ही कौले प्रचारात आल्यावर कितीतरी वर्षांनी, आणि त्याच वेळी कौलांवरही कर बसला होता.

प्रतिष्ठा मिळाली ती एकोणिसाव्या शतकात, वास्तुविशारदांमुळे. जॉर्ज डेव्ही याने 1850 च्या सुमारास केंटमधील पेन्सहर्स्ट येथे जुन्या घरांच्या वळणाची घरे बांधली. रिचर्ड नॉर्मन शॉ आणि विल्यम ईडन नेस्फील्ड हे 1862 मध्ये ससेक्समध्ये रेखाटने करत फिरले, आणि पुढे शॉने ग्रूमब्रिजजवळ बांधलेल्या लेज्‌वुडसारख्या मोठ्या हवेल्यांच्या भिंतींवर शेतमजुरांच्या घरांची कौले दिमाखाने चढली. फिलिप वेब याने 1890 च्या दशकात ससेक्समधील स्टँडन या घरासाठीही तीच निवडली. हेलन ॲलिंगहॅम ही चित्रकार 1881 पासून काही वर्षे विटलीजवळ राहिली, तेव्हा तिने कौलांच्या भिंतींची घरे जलरंगांत उतरवली. राल्फ नेव्हिल याने 1889 मध्ये नैर्ऋत्य सरेच्या घरांवर पुस्तक काढले आणि गर्ट्रूड जेकिल हिचे त्याच भागाविषयीचे पुस्तक 1904 मध्ये आले. शिकण्याची दिशा येथे उलटली. पूर्वी कारागिराच्या हातून भिंत घडत होती, आता जुनी भिंत पाहून कारागिराला काम सांगितले जाऊ लागले. पुढे नवी दिल्लीच्या उभारणीमुळे भारतीयांना ठाऊक झालेला एडविन लटियन्स याचे बालपण सरेतील थर्स्लीत गेले. शाळा फारशी न घडलेला हा मुलगा काचेची चौकट डोळ्यांसमोर धरून साबणाच्या टोकदार तुकड्याने तिच्यावर जुन्या घरांच्या रेषा ओढी आणि स्थानिक बांधकाम-कारागिराच्या आवारात तासन्‌तास काम पाहत बसे. त्याच्या सरेतील सुरुवातीच्या घरांची घडण या शिक्षणाशिवाय समजत नाही.

लोकप्रियतेची किंमतही द्यावी लागली. रेल्वेने यंत्रावर काढलेली, काळपट लाल, एकसारखी सपाट कौले दूरवर पोहोचवली. हाताने पाडलेल्या कौलाला असतो तो किंचित फुगवटा त्यांत नव्हता, आणि फुगवट्यामुळेच तर जुन्या भिंतीवर उन्हात हलकी सावली खेळते व कौलांमागे वारा वाहून रिपा कोरड्या राहतात. दोन महायुद्धांदरम्यान लंडनच्या उपनगरांत हजारो घरांच्या पुढे आलेल्या खिडक्यांच्या मधल्या पट्ट्यावर कौले चढली, नंतर काँक्रीटचीही आली, आणि हे काम ठेक्याने, चौरस यार्डाच्या हिशेबाने होऊ लागले. दुसरीकडे, जुने लाकूड उघडे दिसावे या हौसेपायी कित्येक मालकांनी मूळ घरांवरची कौले उतरवली, आणि ज्या फटींसाठी ती लावली होती, त्या फटींतून पाऊस पुन्हा आत आला.

आजच्या इंग्लंडमध्ये ही विद्या छप्परकामाच्या अभ्यासक्रमाचा एक भाग म्हणून शिकवली जाते. त्याशिवाय विल्यम मॉरिस आणि वेब यांच्या पुढाकाराने 1877 मध्ये स्थापन झालेली जुन्या इमारतींच्या रक्षणाची संस्था कारागिरांना फेलोशिप देते, आणि ससेक्समधील सिंगलटन येथील वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयात पारंपरिक बांधकामाचे वर्ग भरतात. ओकच्या खुंट्यांऐवजी न गंजणारे खिळे आले, प्रत्येक कौलाला दोन खिळे हा नियम झाला, रिपांमागे पाणी अडवणारा पडदा आला. कौल वाजवून त्याची चीर ओळखणे, वेगवेगळ्या ढिगांतली कौले आधी मिसळून घेणे म्हणजे रंगाचे डाग पडत नाहीत, आणि गजावर थरांच्या खुणा करणे, ही शिकवणी मात्र तशीच आहे. दुरुस्तीत मोडलेली जुनी कौले बदलताना नवी कौले सहसा घराच्या मागच्या भिंतीला लावतात आणि तेथून निघालेली जुनी पुढच्या भिंतीवर आणतात.