रविकिरण मंडळाची रविवारची बैठक
१९२३ च्या सुमारास पुण्यात माधव जूलियन, यशवंत, गिरीश, मनोरमाबाई रानडे प्रभृती कवी रविवारी जमत, चहा घेत आणि नवी कविता परस्परांस वाचून दाखवीत. हेच रविकिरण मंडळ. येथे परस्परप्रशंसाच चाले, असा आक्षेप पुष्कळदा घेतला जातो. १९२५ साली अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’ लिहून या कवींच्या लकबींची यथेच्छ चेष्टाही केली, आणि ती सर्वस्वी अनाठायी नव्हती. तथापि जी कविता प्रथम मित्रांच्या कानांवर पडावयाची, तिच्यात अडखळणारा चरण लपून राहात नाही. या कवींच्या रचनेतील सफाईचे व गेयतेचे एक कारण या बैठकीतच शोधावे लागते. माधव जूलियनांनी तर पुढे छंदाचे शास्त्रच मांडले. ‘छंदोरचने’बद्दल मुंबई विद्यापीठाने १९३८ साली त्यांस डी. लिट्. दिली.