जपानी विवाहातील वधूवेश : परंपरेची आधुनिक घडण

जपानी वधूचा शुभ्र किमोनो ही प्राचीन परंपरा आणि पांढरा पाश्चात्त्य गाऊन ही आधुनिकता, अशी विभागणी सर्रास केली जाते. ऐतिहासिक वस्तुस्थिती मात्र इतकी सरळ नाही.

‘शिरोमुकु’ हा नखशिखांत शुभ्र वेश मुरोमाची काळापासून (१३३६–१५७३) सामुराई घराण्यांत रूढ होत गेला. विवाहप्रसंगी पांढरी वस्त्रे नेसलेली वधू तिसऱ्या दिवशी रंगीत वस्त्रे परिधान करी. या वेशबदलास ‘ओइरोनाओशी’ म्हणत. सासरच्या रंगात रंगण्यास सिद्ध झालेली कन्या, असा या शुभ्रतेचा अर्थ सांगितला जातो. परंतु मेजी काळापर्यंत जपानमध्ये शोकवस्त्रेही प्रामुख्याने पांढरीच असत. त्यामुळे माहेराला कायमची अंतरलेली, जणू मृत झालेली कन्या, असाही अर्थ लावला जातो. दोन्ही अर्थांत स्त्रीचे पूर्वायुष्य पुसले जाते, हे लक्षणीय आहे.

सामान्य कुटुंबांना असा वेश परवडणारा नव्हता. मेजी काळापासून शोवा काळाच्या पूर्वार्धापर्यंत असंख्य वधू काळ्या किमोनोत विवाहबद्ध झाल्या. त्यावर कुलचिन्हे आणि खालच्या काठाशी शुभसूचक नक्षी असे. विवाहानंतर लांब बाह्या आखूड करून तेच वस्त्र पुढील मंगलकार्यांत वापरता येई. ‘पारंपरिक’ वधूच्या आजच्या चित्रातून हा काटकसरीचा काळा रंग जवळजवळ लोपला आहे.

विवाहविधीची कथाही अशीच आहे. पूर्वी विवाह बहुधा वराच्या घरी, पुरोहिताविना, साके-प्राशनाच्या विधीने होत. १० मे १९०० रोजी युवराज योशिहितो व सादाको यांचा विवाह राजप्रासादातील देवस्थानासमोर झाला. वधूने धार्मिक विधीसाठी दरबारी बहुपदरी ‘जुनिहितोए’ आणि नंतर पाश्चात्त्य राजवेश धारण केला. याच धर्तीवर १९०१ मध्ये तोक्योतील हिबिया दाइजिंगूने सामान्यांसाठी शिंतो विवाहविधी सिद्ध केला. म्हणजे ज्या विधीशी शिरोमुकु आज अभिन्नपणे जोडला जातो, तो विधीच विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरचा आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर विवाह घराबाहेर पडून सभागृहांत आणि हॉटेलांत गेला. तेथे भाड्याने मिळू लागलेल्या वस्त्रांमुळे शिरोमुकु आणि भरजरी ‘उचिकाके’ मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. उच्चकुलीनांचा वेश सार्वत्रिक झाला तो असा, बाजारपेठेच्या वाटेने. त्याच सुमारास, १९६४ मध्ये, युमी कात्सुरा यांनी तोक्योत पाश्चात्त्य वधूवेशाचे दालन उघडले. पुढे चॅपलमधील विवाहांचे प्रमाण इतके वाढले की १९९० च्या दशकात त्यांनी शिंतो विवाहांना मागे टाकले. लोकसंख्येत ख्रिस्ती अवघे एक टक्क्याच्या आसपास असताना हे घडले. येथे चॅपलचे आकर्षण श्रद्धेपेक्षा वेशाचे अधिक होते.

आज अनेक वधू शिरोमुकुत विधी उरकून स्वागतसमारंभात गाऊन घालतात. तिसऱ्या दिवसापर्यंत थांबणारा वेशबदल आता काही मिनिटांत, भोजन चालू असतानाच होतो. त्यालाही ‘ओइरोनाओशी’ असेच म्हणतात.