भांड्यांवरील नांवें

वृद्धांच्या घरीं गेलें असतां तेथील सामान पाहून तरुणांच्या मनांत बहुधा एकच शब्द येतो: अडगळ. माळ्यावर पालथीं पडलेलीं पितळी पातेलीं, कल्हई उडालेला हंडा, पोंचे आलेले लोटे. यांतील एकहि वस्तु रोजच्या वापरांत नसते, आणि एकहि टाकूं दिली जात नाहीं. या वृत्तीस आसक्ति म्हणून आपण मोकळे होतों. इतिहास शिकविण्याचा व्यवसाय करूनहि आम्हीं कांहीं निराळें केलें नाहीं, हें आरंभींच कबूल केलेलें बरें.

१९९८ सालीं आमच्या काकूंनीं पुण्यांतील आपलें बिऱ्हाड मोडलें व त्या आमच्याकडे राहावयास आल्या. तेव्हां त्यांचें वय एक्याऐंशी होतें. "काकू, हीं भांडीं मोडींत देऊं आणि त्यांच्याबदलीं स्टीलचीं घेऊं," असें आम्हीं म्हटलें. काकू कांहीं बोलल्या नाहींत. फक्त तांब्याची एक लहान कळशी त्यांनीं हातांतून सोडली नाहीं. पुढें एके दिवशीं ती घासून उन्हांत ठेविली असतां तिच्या कांठावर आम्हांस अक्षरें दिसलीं. विवाहाची तिथि, शके १८५५, देणाऱ्या मामांचें नांव, आणि काकूंचें स्वतःचें. पण आम्हांस ठाऊक असलेलें नव्हे, माहेरचें. लग्नांत बदललेलें तें नांव आमच्या घरांत पासष्ट वर्षांत कोणाच्या तोंडीं आलें नव्हतें.

तांब्यावर कोरलेला लेख, त्यांत दाता, ग्रहीता आणि तिथि. ताम्रपट म्हणजे तरी याहून निराळें काय असतें? शिलाहारांच्या किंवा राष्ट्रकूटांच्या दानपत्रांतील अक्षरें लावण्यांत विद्वानांनीं आयुष्यें वेंचिलीं. १९१० सालीं राजवाडे प्रभृतींनीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिलें, तेव्हांपासून सनदा, महजर, पत्रें यांची जपणूक होऊं लागली, आणि तें योग्यच झालें. परंतु आपल्या घरोघरच्या वंशावळी उघडून पाहाव्या; बापाखालीं मुलगा, मुलाखालीं नातू. पणजीचें नांव लिहिलेलें सांपडलें तर तें बहुधा एखाद्या परातीच्या कांठावर.

या भांड्यांच्या मायेचें दुसरें कारण कायद्यांत आहे. मिताक्षरा पद्धतीच्या एकत्र कुटुंबांत घरदार पुरुषांच्या सामाईक मालकीचें. विधवेच्या वांट्यास अन्नवस्त्र. १९३७ च्या कायद्यानें तिला मुलाइतका हिस्सा दिला खरा, पण तो हयातीपुरता. संपूर्ण मालकी मिळावयास १९५६ चा हिंदु वारसा कायदा यावा लागला. (स्वतः विज्ञानेश्वरानें स्त्रीधनाचा अर्थ फार उदार केला होता, प्रिव्ही कौन्सिलला तो तितका मानवला नाहीं.) म्हणजे काकू या घरांत आल्या तेव्हां 'हें माझें' असें त्यांना निःशंकपणें म्हणतां येण्याजोगें जें होतें, तें अंगावरचे चार दागिने आणि माहेराहून आलेलीं भांडीं. दागिने अडीअडचणीला गेले. राहिलीं तीं भांडीं. सुना-नातवंडांना जो लोभ दिसतो, तो एका काळीं दस्तऐवज सांभाळण्याचा भाग होता.

कै. दिनकर गंगाधर केळकर यांनीं दिवे, अडकित्ते, दौती असल्या घरगुती वस्तु गांवोगांव हिंडून जमविल्या, आणि अकालीं गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नांवानें उभारलेला तो संग्रह १९७५ सालीं शासनाच्या स्वाधीन केला. महाराष्ट्रावर हे मोठेच उपकार. तरी संग्राहकाचा डोळा साहजिकच घडणीकडे वळतो. बाजारच्या साध्या पातेल्यास, त्यावर कोणाच्या पणजीचें नांव असलें तरी, कपाटांत जागा मिळणें कठीण. त्याचा मार्ग भट्टीकडे.

कळशीवरील अक्षरें वाचल्यानंतर आम्हीं काकूंस विचारलें, "आणि तीं बाकीचीं कोणाकडचीं होतीं?" बोटें मोजीत त्यांनीं नऊ सांगितलीं; परात मावशीची, घंगाळ आजोळचें, ओगराळें शेजारच्या कोणा बाईंनीं दिलेलें. उरलेलीं पांच त्यांना आठवेनात. "वर लिहिलें होतें कीं," एवढेंच त्या म्हणाल्या. २००५ सालीं त्या निवर्तल्या. मोडवाल्याची पावती आमच्या कागदपत्रांत अद्याप आहे. तींत वजन आहे आणि दर आहे.